बाटलीची मागची बाजू

माझे वडील सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानात तीसेक वर्षे विक्रीचे काम करत होते. बाहेरगावचे गिऱ्हाईक चादरीवरच्या मोराच्या रंगांना भुलले आहे असे दिसले, की ते काही न बोलता चादर उलटी करत, तिचा कोपरा त्याच्या हातात देत आणि म्हणत, “आधी मागून बघा, मग भाव विचारा.” सोलापुरी चादर म्हणून कुठला कुठला माल खपवला जातो हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि विणीची खरी परीक्षा पाठीकडूनच होते अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी जन्मात दारूला स्पर्श केला नाही. त्यांचे हे वाक्य मी व्हिस्कीच्या दुकानात वापरतो हे कळले असते, तर त्यांनी माझ्याशी काही दिवस अबोलाच धरला असता. पण मोजक्या पैशांत चांगली स्कॉच कशी निवडावी, असे अलीकडे दोघा-तिघा स्नेह्यांनी विचारले आणि उत्तर देताना दर वेळी मी याच वाक्यापाशी आलो, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

मोजके पैसे म्हणजे किती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मुलीचे शिक्षण आणि घराचा हप्ता भागल्यावर जे उरते त्यातून ७५० मिलीच्या बाटलीसाठी मी अडीच हजार रुपयांची मर्यादा घालून घेतली आहे. महिन्यातले तीन शनिवार आणि प्रत्येक शनिवारी साठ मिलीचे दोन पेग, असा नेम असल्यामुळे एक बाटली दोन महिने पुरते आणि एक पेग सुमारे दोनशे रुपयांना पडतो. परमिट रूममध्ये बसून साधी व्हिस्की पिणाऱ्या माणसाला घरातली स्कॉच ही श्रीमंतांची चैन वाटते, पण तिथले सोडा, चखणा आणि टेबलाची बक्षिशी धरून त्याने महिन्याचा हिशेब मांडला, तर बहुधा तोच माझ्यापेक्षा उधळा ठरेल.

ही मर्यादा पाळूनही पहिली काही वर्षे मी अगदी वाईट खरेदी केली. दुकानात मिळते ती ‘इथली’ स्कॉच आणि परदेशातून कुणीतरी आणलेली तीच खरी, अशी माझी ठाम समजूत होती. एका परिचिताने एकदा सांगितले, की विमानतळावरून आलेली बारा वर्षे मुरलेली बाटली आहे, घरची म्हणून निम्म्या किमतीत देतो. बाटली खरी होती, खोके खरे होते, आतला द्रव मात्र भलताच होता. पहिल्याच घोटाला जिभेवर केकच्या इसेन्ससारखा गोडवा आणि घशात नुसती आग, एवढेच काय ते हाती लागले. झाकणाखालची कडी आधीच सुटलेली होती, हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते, त्यामुळे खरी बाटलीही अशा वाटेने घरी येऊ शकते. मात्र ती आणणारा आपला सख्खा भाचा असावा, भाच्याच्या मित्राच्या ओळखीतला कुणी नसावा.

पुढे वाचनात आले, की ‘पीटर स्कॉट’ या भारतीय व्हिस्कीच्या नावावरून स्कॉच व्हिस्की असोसिएशन आणि खोडे कंपनी यांच्यातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००८ साली निकाल खोडे यांच्या बाजूने लागला. असोसिएशनने हरकत घ्यायला फार उशीर केला हे त्याचे मोठे कारण होते. परंतु स्कॉच विकत घेणारा ग्राहकवर्ग जाणता असतो, त्याला पैशाचे आणि मालाचे मोल कळते, अशा आशयाचे निरीक्षणही त्या निकालात आहे. न्यायालयाबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, मी त्या वर्गात बसत नव्हतो.

फसगतीनंतर मी बाटली उलटी फिरवून मागचे लेबल वाचू लागलो, आणि तेव्हा लक्षात आले की त्यावरच्या प्रत्येक शब्दामागे कायदा उभा आहे. ब्रिटनमधल्या २००९ च्या नियमांनुसार स्कॉच म्हणवून घेणारी व्हिस्की स्कॉटलंडमध्येच ऊर्ध्वपातित झालेली असावी लागते, तिथेच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते, तिच्यात पाणी आणि रंगासाठी साधे कॅरॅमल यांखेरीज काहीही घालता येत नाही आणि बाटलीत मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. याचा अर्थ असा, की दुकानातल्या सर्वांत स्वस्त अस्सल स्कॉचलाही या सगळ्या अटी पाळाव्याच लागतात. स्वस्त आणि महाग यांतला फरक या किमान रेषेच्या वरचा असतो. ही गोष्ट एकदा मनात ठसली, की कमी पैशांत घेतो म्हणजे काहीतरी भेसळीचे घेतो, हा न्यूनगंड निघून जातो.

कॅरॅमलची सवलत मात्र नीट लक्षात ठेवावी. गडद रंग म्हणजे जुनी, मुरलेली व्हिस्की, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते आणि दुकानात बाटली उजेडाकडे धरून मान डोलावणारे लोक मी नेहमी पाहतो. स्वस्त मिश्र, म्हणजे ब्लेंडेड, स्कॉचमध्ये तो रंग पुष्कळदा जळलेल्या साखरेचा असतो. चादरीच्या रंगाला भुलणे आणि हे, यांत मला काही फरक दिसत नाही.

साखरेवरून मळीकडे येतो, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे आणि गाळप हंगामात एखाद्या कारखान्याच्या रस्त्याने गेले, की मळीचा तो आंबूस गोड वास कपड्यांत शिरतो. माझे एक स्नेही अशाच एका कारखान्याच्या डिस्टिलरीत रसायनतज्ज्ञ होते आणि आता निवृत्त आहेत. मी त्यांना भोळेपणाने विचारले होते, की आपल्या साध्या व्हिस्कीत आणि स्कॉचमध्ये एवढा फरक का लागतो. ते म्हणाले, “अहो, तुम्ही जी व्हिस्की म्हणता ती पुष्कळदा आमच्या मळीतून निघालेल्या स्पिरिटची असते. जात रमची आणि आडनाव व्हिस्कीचे.” भारतातल्या स्वस्त व्हिस्कींपैकी अनेकींचा पाया मळीपासून काढलेले, जवळजवळ बिनवासाचे स्पिरिट हा असतो. त्यात थोडा माल्ट, कधी थोडी स्कॉच आणि चवीचे घटक मिसळतात. युरोपीय संघात व्हिस्की ही धान्यापासूनच झालेली असावी लागते, म्हणून असा माल तिथे त्या नावाने विकताच येत नाही. स्कॉचमध्ये मात्र माल्ट असो वा ग्रेन, म्हणजे गहू-मक्यासारखे इतर धान्य, सगळे धान्याचेच असते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आपले सातू. मटकीला मोड आणावेत तसे आणायचे आणि वेळेवर भट्टीत वाळवून ते थांबवायचे. ती भट्टी पीट नावाच्या, दलदलीतून कापून काढलेल्या इंधनाच्या धुरावर चालवली, की त्या धुराचा वास थेट पेल्यापर्यंत येतो.

म्हणून लेबलावर ‘स्कॉच’ हा शब्द कोणत्या वाक्यात आला आहे हे पाहावे. ‘ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की’ ही एक गोष्ट आणि ‘निवडक स्कॉच माल्टच्या मिश्रणाने समृद्ध’ ही अगदी दुसरी. दुसरीला मी वाईट म्हणत नाही, पण ती भारतीय व्हिस्की आहे आणि तिच्यासाठी स्कॉचच्या जवळपासचे पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कमी उत्पादनमूल्याच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. त्यामुळे अशी भारतीय व्हिस्की आणि खालच्या पायरीवरची स्कॉच यांच्यातले अंतर आमच्या इथल्या दुकानांत पूर्वीइतके उरलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. मागच्या लेबलावर ‘भारतात बाटलीबंद’ असे दिसले की अनेक जण बाटली परत ठेवतात, आणि माझ्या मते मर्यादित पैशांच्या माणसाने नेमकी तीच उचलावी. नियम असा आहे, की सिंगल माल्ट स्कॉच, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली निव्वळ माल्टची, स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते आणि २०१२ च्या नोव्हेंबरपासून याला अपवाद नाही. माल्ट आणि ग्रेन मिसळून केलेली मिश्र स्कॉच मात्र तिथे पूर्ण मुरल्यावर मोठ्या पात्रांतून बाहेर पाठवता येते आणि दुसऱ्या देशात बाटल्यांत भरता येते. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९ आणि हंड्रेड पायपर्स या आपल्याकडे अशा मार्गाने येतात. आतली व्हिस्की स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि मुरलेली असते, इथे तिच्यात पाणी मिसळून शक्ती बेताची केली जाते आणि बाटली भरली जाते. भारताने परदेशी मद्यावर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क आकारले. हे शुल्क आयात होणाऱ्या मालाच्या किमतीवर लागते, तेव्हा काच, खोके आणि छपाई यांसह आलेल्या बाटलीवर ते जड पडते आणि सुट्या व्हिस्कीवर त्या मानाने हलके. आणखी एक गंमत म्हणजे भारतात भरलेल्या या स्कॉचमध्ये मद्यार्क सहसा ४२.८ टक्के असतो, तर थेट आयात झालेल्या अनेक नामांकित बाटल्यांत तो ४० टक्केच असतो. माझ्यासारख्या हिशेबनिसाला हे २.८ टक्के दुर्लक्षून चालत नाहीत, कारण तेवढे पाणी मी घरीही घालू शकतो.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात मद्यावरचे राज्याचे उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हा दोन्ही प्रकारांतले अंतर बरेच घटले. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात सीमाशुल्क आधी ७५ टक्के आणि नंतर दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची तरतूद आहे. म्हणून माझे आजचे हिशेब दगडावरची रेघ समजू नयेत, दर खेपेला बाटलीवर छापलेली किंमत पाहूनच ठरवावे.

पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या मात्र मिश्र स्कॉचकडे तुच्छतेने पाहतो. “काका, प्यायची तर सिंगल माल्ट,” असे तो म्हणतो, आणि ती त्याला परवडते याचा मला आनंदच आहे. पण मिश्र म्हणजे हिणकस, हे खरे नाही. १८३० साली एनियस कॉफी याने अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन भट्टीचे पेटंट घेतले आणि धान्यापासून हलकी, स्वस्त व्हिस्की मोठ्या प्रमाणावर निघू लागली. १८६० च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेन एकत्र मिसळणे सोपे केले आणि एडिंबरोचा अँड्र्यू अशर यांसारख्या व्यापाऱ्यांनी या मिश्रणाची कला वाढवली. त्या काळातली मोठी नावे पाहिली तर किलमार्नॉकचा जॉन वॉकर किराणा दुकानदार, अॅबरडीनचे शिवास बंधूही किराणा दुकानदारच. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या पेठेतला मसालेवाला दर वर्षी वेगळ्या शेतातली, वेगळ्या तिखटाची मिरची घेतो आणि तरी त्याच्या काळ्या मसाल्याची चव तीच ठेवतो, हेच कसब त्या दुकानदारांनी व्हिस्कीत दाखवले. मिश्रणाला व्हिस्की म्हणावे की नाही, यावर लंडनच्या इस्लिंग्टन भागात खटलाही झाला होता. शेवटी १९०८-०९ मधल्या शाही आयोगाने मिश्रण हीही व्हिस्कीच, असा निर्वाळा दिला. पुतण्याला मी हे सांगितले, तर तो हसून म्हणाला की आयोगाला पिऊन पाहायला फुकट मिळाली असेल.

वयाबद्दल थोडक्यात सांगतो. बाटलीवर ‘१२’ लिहिले असेल तर त्या मिश्रणातली सर्वांत कोवळी व्हिस्की बारा वर्षांची असते, सरासरी नव्हे. आकडा नसेल तर किमान तीन वर्षांची हमी आहेच. माझ्या मर्यादेत आकडा असलेली चांगली बाटली क्वचितच बसते, आणि मी त्याची खंत सोडून दिली आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूमध्ये हा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणूनच तिथली ‘अमृत’ सिंगल माल्ट चार-पाच वर्षांतच तयार होते. त्या दराने आमच्या सोलापुरात कुणी एक पिंप बारा वर्षे ठेवले, तर तळाशी जेमतेम चौथा हिस्सा उरेल, आणि आमच्याकडच्या उन्हाचा अनुभव पाहता देवदूत एवढ्यावर थांबतील याची मी हमी देत नाही.

आता नावे घेऊन बोलतो. माझ्या कपाटात वर्षातून चार महिने तरी टीचर्स हायलँड क्रीम असते. विल्यम टीचर हा ग्लासगोचा व्यापारी, १८८४ साली हे नाव नोंदवले गेले, आणि या मिश्रणासाठी माल्ट पुरवावा म्हणून १८९८ मध्ये त्याच्या घराण्याने आर्डमोर ही डिस्टिलरी उभारली. आर्डमोरचा माल्ट पीटच्या धुराचा असतो, आणि तो धूर, बोलीत सांगायचे तर चुलीवरच्या भाकरीच्या करपल्या कडेसारखा, टीचर्सच्या पेल्यात स्पष्ट जाणवतो. या किमतीत जिभेवर एवढी भरीव लागणारी दुसरी मिश्र स्कॉच मला मिळालेली नाही. धूर ज्यांना सोसत नाही त्यांनी ब्लॅक अँड व्हाइट घ्यावी. लेबलावर काळा आणि पांढरा असे दोन टेरियर कुत्रे असलेली ही स्कॉच सौम्य आणि किंचित गोड आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीच सुचवतो. व्हॅट ६९ ची जन्मकथा तिच्या चवीपेक्षा सरस आहे: विल्यम सँडरसनने १८८२ मध्ये शंभर पिंपांत शंभर वेगवेगळी मिश्रणे तयार करून जाणकारांना चाखायला दिली आणि त्यांनी एकोणसत्तरावे पिंप निवडले. आज ती मला जरा पातळ वाटते, सोड्याबरोबर मात्र उन्हाळ्यात छान लागते. हंड्रेड पायपर्स मऊ आहे, चुका करत नाही आणि लक्षातही राहत नाही. जॉनी वॉकर रेड लेबल तिखट, मिरमिरीत आहे. ती सोड्यासाठीच आहे आणि तिच्या किमतीत नावाचा हिस्सा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच घराण्याची बारा वर्षांची ब्लॅक लेबल खरोखर मोलाची आहे, पण ती माझ्या मर्यादेच्या पलीकडची, म्हणून दिवाळीला भावाबरोबर निम्मे-निम्मे पैसे घालून येते.

माझ्या आवडीवर विसंबून कुणी खंबा घेऊ नये. यांतल्या बहुतेकींची १८० मिलीची क्वार्टर मिळते. ती दर मिलीमागे महाग पडते, पण न आवडलेल्या बाटलीपेक्षा स्वस्तच. दोन क्वार्टर घेऊन एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी थोडी थोडी चाखावी. एकटी प्यायल्यावर जी ‘बरी’ वाटते तिचे उणे-अधिक दुसरीच्या शेजारी लगेच कळते. चाखण्याआधी शेंगा चटणी आणि कडक भाकरी यांना हात लावू नये, हे सोलापूरकराला सांगताना मला जड जाते, परंतु लसूण आणि तिखट यांनी जीभ एकदा बधिर झाली की स्कॉटलंड आणि शिरोळ एकच. साधे खारवलेले शेंगदाणेही चखण्याला पुरतात. चटणी दुसऱ्या पेगाला आणावी.

पाण्याबद्दल संकोच नको. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असे म्हणणारे लोक बाटली भरतानाच तिच्यात पाणी घातलेले असते हे विसरतात. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले, की मद्यार्काचे प्रमाण कमी झाले की धुरकट वासाला कारण असणारा ग्वायाकोल हा घटक द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाजवळ येतो. माझे नाक हे त्याआधीपासून जाणत होते. मी साठ मिलीत तीस मिली पाणी घालतो आणि चाखताना बर्फ टाळतो, कारण गारठ्याने वास दबतो. पाणी मात्र फिल्टरचे किंवा बाटलीचे घ्यावे. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि टाकीत साठलेल्या त्या पाण्याची स्वतःची एक चव असते, ती दोनशे रुपयांच्या पेगात मिसळू नये.

बाटली दोन महिने पुरवायची तर ठेवण्याचीही रीत आहे. वाइनप्रमाणे ती आडवी ठेवू नये, कारण तीव्र मद्यार्क बुचाला खातो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४० च्या वर असतो, तेव्हा गच्चीकडच्या खोलीतले काचेचे शोभेचे कपाट ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा. माझी बाटली तळमजल्यावर धान्याच्या कोठीशेजारी, खोक्यात उभी असते. बाटली पाव उरली की आत हवा जास्त होते आणि चव हळूहळू मंदावते, तेव्हा ती पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवू नये.

खरेदी परवानाधारक वाईन शॉपमधूनच करावी, आणि आपल्या राज्यात मद्यपानासाठी परवाना लागतो, व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण असावे लागते, हेही जाता जाता सांगतो. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे आषाढी एकादशीला दुकाने बंद असणार हे आमच्याकडे कुणाला आठवण करून द्यावे लागत नाही, तरी त्याच दिवशी दुपारी फोन करून “तुझ्याकडे आहे का रे?” विचारणारा एक तरी मित्र दर वर्षी निघतोच.

बाटली संपल्यावरचे एक काम उरते. भंगारात गेलेल्या स्कॉचच्या चांगल्या बाटलीला खोक्यासकट गिऱ्हाईक असते, आणि माझी ती ‘विमानतळावरची’ बाटली तशाच कुणाच्या तरी घरून निघाली असणार. म्हणून मी रिकामी बाटली रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो, सकाळी दोन्ही लेबले नखाने खरवडून काढतो, झाकण कापतो, खोके फाडतो आणि मगच भंगारवाल्याला हाक मारतो. तो दर वेळी तोंड वाकडे करून दोन रुपये कमी देतो.